हात सोडताना सांगायचं

रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरची फरशी नुकतीच पुसली होती. आणि त्या ओल्याचिंब फरशीवरून एक तरुण, हातात वायरी लोंबकळणारी डबी घेऊन, चक्क पळत येत होता.

तिने विचार केलाच नाही. विचाराला वेळ लागतो, सवयीला लागत नाही. तिचा हात गळ्याकडे गेला आणि शिट्टी वाजली. लांब, कडक, कानठळ्या बसवणारी.

"पळायचं नाही!"

सगळा मजला थिजला. बाकावर पेंगणारे एक आजोबा ताडकन उठून उभे राहिले. नर्सबाईंनी हातातला ट्रे छातीशी धरला. आणि तो तरुण... एक पाय पुढे, एक मागे, कुणी 'स्टॅच्यू' म्हटल्यासारखा जागच्या जागी उभा!

मग तिच्या लक्षात आलं, की हा तलावाचा काठ नव्हे.

"माफ करा हं," ती कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत म्हणाली. तिच्या ओल्या वेणीतून अजून पाणी ठिबकत होतं. "मी पोहायला शिकवते... लहान मुलांना. काठावर कुणी पळालं, की आपोआप..."

"आता हलू का?" त्याने पुतळ्यातूनच विचारलं.

"हला."

"चालत?"

"चालतच!"

तो इतक्या मोजूनमापून पावलं टाकत पुढे आला, की तिला हसू आवरेना. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या वडिलांनी कपाळावर हात मारला. "ही माझी मुलगी. शिट्टी मीच दिलीय तिला. त्यामुळे तक्रार असेल तर माझ्याकडे करा."

"तक्रार कसली, मास्तर? तुमचीच वाट बघत होतो," तरुण म्हणाला आणि त्याने हातातली डबी दाखवली. "हे यंत्र तुमच्यासाठीच आणत होतो."

मास्तर म्हणजे गावातल्या निम्म्या लोकांना पाण्यावर तरंगायला शिकवलेला माणूस. त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तोही तलावाच्या काठावर, टॉवेलने डोकं पुसताना. उपचार वेळेवर मिळाले आणि ते वाचले. पण डॉक्टरबाईंनी घरी सोडताना बजावलं होतं, "मी सांगेपर्यंत पाण्यात पाऊल टाकायचं नाही." माशाला असं कुणी सांगतं का? तेव्हापासून मास्तर घरात नुसते येरझाऱ्या घालत होते, आणि त्यांचे वर्ग त्यांची मुलगी एकटी सांभाळत होती.

तरुणाची खोली लहानशी होती. एक पलंग, एक पडदा, आणि टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावर कुणाच्या तरी हृदयाची हिरवी रेघ टुणटुण उड्या मारत चाललेली. अशा रेघा वाचणं हेच त्याचं काम. मास्तरांच्या छातीवर चिकट बटणं लावता लावता तो समजावून सांगू लागला.

"झटक्यात हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा मरतो. गुडघा फुटल्यावर राहतो ना, तसा तिथे व्रण राहतो. हृदयात एक बारीकशी वीज फिरते, तिच्यावर ठोके पडतात. वाटेत व्रण आला, की तिला वळसा घालावा लागतो. बहुतेकदा ती वळसा घालून गुमान पुढे जाते. पण कधीकधी..."

"तिथेच गोल गोल फिरत बसते?" मुलीने विचारलं.

त्याचा हात थांबला. "तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या लहान तलावात मध्ये कारंज्याचा खांब आहे. मुलांना सांगितलं, खांबाला वळसा घालून परत या, की एखादं पोरगं तिथेच घिरट्या घालतं. मग त्याच्यामागे दुसरं, तिसरं. पाच मिनिटांत सगळा वर्ग खांबाभोवती गरगरतोय!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "इतकी वर्षं मी हे समजावतोय... आजपासून तुमचा खांब वापरला तर चालेल?"

"शिट्टीसकट वापरा," ती म्हणाली, आणि तिने उगाचच वेणी पिळली.

"आणि माझा वर्ग गरगरला, तर?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज शांत होता, पण चादरीची कड मुठीत होती.

"भोवळ येते. कधीकधी त्याहून वाईट." तरुणाने आडपडदा ठेवला नाही. "म्हणून तर आधीच अंदाज घ्यायचा. हे यंत्र उद्यापर्यंत तुमचा ठोका न् ठोका टिपेल."

पाण्यात भोवळ. तिघांनाही त्याचा अर्थ कळला.

"पास व्हायला काय करायचं?"

"ही परीक्षा नाहीये, मास्तर! रोजच्यासारखं वागायचं. फक्त यंत्र भिजवायचं नाही."

'परीक्षा नाहीये' असं म्हणणाऱ्यांवर मास्तरांचा जन्मात विश्वास नव्हता. ते स्वतःच मुलांना असं सांगून परीक्षा घेत असत.

दुसऱ्या दिवशी तरुणाने रेघ पाहिली आणि भुवया उंचावल्या.

"मास्तर, तुम्ही काल काय केलंत?"

"रोजच्यासारखंच."

"काही केलं नाही हो त्यांनी!" सोबत आलेल्या आईला राहवलं नाही. "दिवसभर पलंगावर, हात छातीवर ठेवून! डास बसला तर तोही मला हाकलायला लावला. माझ्याशी भांडलेसुद्धा नाहीत. मी घाबरून दोनदा नाकाशी बोट धरून पाहिलं!"

"रेघ सुंदर आलीय की नाही?" मास्तर गुरगुरले.

"सुंदर आलीय. पण ती तुमची नाही, एका गादीची आहे," तरुण म्हणाला. मुलीने ओढणी तोंडाशी धरली. "मला तुमचा खरा दिवस हवाय."

"माझा खरा दिवस तलावावर असतो. तिथे जायला बंदी!"

तरुणाने डोकं खाजवलं आणि तो डॉक्टरबाईंना विचारून आला. "काठावर उभं राहून ओरडायला परवानगी आहे. पाण्यात उतरायला नाही. पण यंत्रावर पाणी उडता कामा नये... त्यामुळे..." तो मुलीकडे न बघता म्हणाला, "लक्ष ठेवायला मलाच यावं लागेल."

"मुद्दाम तुम्हाला?" मुलीने विचारलं.

"यंत्र महाग आहे," तो म्हणाला.

आईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे पाहिलं, आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

तो तलावावर आला तो छत्री घेऊन. लख्ख ऊन पडलेलं, आणि हा माणूस मास्तरांच्या पुढ्यात उघडी छत्री ढालीसारखी धरून उभा! पोरांनी पाणी उडवलं, की छत्री डावीकडे. पुन्हा उडवलं, की उजवीकडे. मग काय, पोरांना नवा खेळच मिळाला. 'छत्रीकाका' हे नाव तासाभरात पक्कं झालं.

मास्तरांना महिनाभराचं ओरडायचं शिल्लक होतं. "ए, गुडघे वाकवू नकोस! सायकल चालवतोयस का? बदके, तोंड पाण्यात घाल, पाणी तुला चावत नाही!" त्यांच्या गालांवर रंग चढला होता.

छत्रीकाकाचं लक्ष मात्र यंत्रावरून सारखं घसरत होतं. ती पाण्यात उभी होती. तिच्या पसरलेल्या हातावर एक चिमुरडी उताणी आडवी झाली होती, डोळे गच्च मिटून.

"आता हात काढते हं," ती हळू आवाजात म्हणाली. "काढतेय... काढला."

चिमुरडी तरंगत राहिली. एखादं पान तरंगावं तशी.

"आधी सांगता कशाला?" त्याने काठावरून विचारलं. "सांगितल्यावर घाबरत नाहीत?"

"घाबरतात. पण न सांगता सोडला आणि एकदा का नाकातोंडात पाणी गेलं, की पुन्हा कधीच भरवसा ठेवत नाहीत. बाबांचा नियम आहे. हात सोडताना सांगायचं." तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही मघापासून त्या भिंतीला पाठ लावून का उभे आहात?"

"मी? छे... सावली आहे इथे."

"सावली पलीकडे आहे."

"ताई, काका पाण्याला घाबरतात!" मास्तर जिला बदकी म्हणत ती पोरगी किंचाळली, आणि पंधरा-वीस पायांनी एकदम पाणी उडवलं. छत्री मास्तरांपुढे आली. यंत्र वाचलं. पण छत्रीमागचा माणूस भिंत सोडून न बघता पुढे झाला होता, आणि त्याच्या शेवटच्या पावलाखाली काठ नव्हता.

धप्प!

छत्री तरंगत एकीकडे गेली. तो दोन्ही हात वर करून, डोळे मिटून, जिवाच्या आकांताने पाणी घुसळू लागला. ती दोन हात मारून त्याच्यापाशी पोचली.

"उभा राहा! अरे, उभा राहा, पाणी कमरेएवढं आहे!"

तो उभा राहिला. पाणी खरंच कमरेएवढंच होतं. नाकातून पाणी, कपाळावर केस, आणि त्याच्या हाताच्या पकडीत तिचं मनगट. घट्ट.

"यंत्र... कोरडं आहे ना?" त्याने आधी हेच विचारलं.

तिने मान हलवली. हसावं की काय करावं, तिला कळेना. काठावर आल्यावर तिने टॉवेल पुढे केला. "लागलं का तुम्हाला?"

"पाण्यात 'अरे', आणि काठावर 'तुम्ही'?"

"पाण्यात सगळे विद्यार्थी. आणि विद्यार्थ्यांना आम्ही अरे-तुरे करतो."

"मग..." त्याने टॉवेलमध्ये तोंड लपवलं, "मला पाण्यातच ठेवा."

त्या आठवड्यातच त्याचा पहिला धडा ठरला. पण त्याआधी मास्तरांची रेघ वाचून झाली.

ती विचारायला गेली तेव्हा तो पडद्यासमोर बसला होता. रेघेत मधूनच जादा ठोके होते. एकेकटे असते तर गोष्ट वेगळी. पण एके ठिकाणी ते एकामागोमाग एक, घाईघाईने, रांगेने आले होते. जेमतेम चार-सहा, मग पुन्हा सगळं सुरळीत. मास्तरांना ते जाणवलंही नव्हतं.

"कशी आहे रेघ?"

तो काहीच बोलला नाही.

"तुम्ही पाहिलीय ना?"

"डॉक्टरबाई सांगतील," तो पडद्याकडे बघत म्हणाला.

"मी तुम्हाला विचारतेय." ती टेबलाजवळ आली. "काल पाण्यात माझं मनगट धरलं होतंत तेव्हा बरे बोलत होतात. आज माझी वेळ आली, तर हात काढून घेतलात. न सांगता."

ती निघून गेली. जाताना चालतच गेली, पण तो चालण्याचा आवाज पळण्याहून वाईट होता.

डॉक्टरबाईंनी सगळं नीट सांगितलं. हृदयाची पंप करायची ताकद सीमेवर होती. त्यात हे रांगेने आलेले ठोके. नुसत्या रेघेवरून निर्णय घेता येत नाही. आता पायाच्या शिरेतून बारीक वायरी हृदयापर्यंत नेऊन, मुद्दाम ठोके देऊन, हृदय उचकतं का, वीज तशी गरगरायला लागते का, ते बघायचं. उचकलं, तर गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवायचं. ते पहारा देईल. "पण मग मुलांची जबाबदारी घेऊन पाण्यात उतरणं बंद, मास्तर. काठावरून शिकवायचं."

"काठावरून पोहायला शिकवणं म्हणजे पत्राने जेवायला घालणं," मास्तर म्हणाले. कुणी हसलं नाही.

पहिल्या धड्याला तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण तो आला. डोक्याला टोपी, चेहऱ्यावर फाशीची शिक्षा झाल्याचे भाव. पायऱ्या उतरून स्वतःच कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला.

"आधी मला बोलू द्या," तो म्हणाला. "रेघेत काय आहे ते सांगायची मला परवानगी नसते. ते बरोबरच आहे. पण 'मला सांगता येत नाही', एवढं तर सांगता आलं असतं! मी नुसताच गप्प बसलो. ते चुकलं."

ती पाण्यावर बोटांनी रेघा ओढत राहिली. "भीती वाटते मला," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही रोज बघता हे सगळं. शंभरातली किती शक्यता असते?"

"पुस्तकात आकडा आहे. पण तुमचे बाबा शंभर नाहीत. एकच आहेत."

"एकच आहेत म्हणून तर विचारतेय!"

वाऱ्याने पाण्यावर बारीक काटा उमटला. "त्या दिवशी मी आत असेन," तो हळूच म्हणाला. "डॉक्टरबाईंना विचारून ठेवलंय. झाल्या झाल्या मीच बाहेर येईन. बातमी चांगली असली तर पळत."

"आणि नसली तर?"

"तर चालत. पण येईन. लगेच."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग तिचा शिक्षिकेचा आवाज परत आला. "टोपी उलटी घातलीयस. आणि तोंड पाण्यात घाल. चल... अरे, टाळाटाळ नको!"

पाणी चावत नाही, हे त्या दिवशी त्यालाही कळलं.

तपासणीच्या दिवशी ती आणि आई दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच बाकावर बसल्या होत्या. बंद दार लांब, पार टोकाला. तिने शिट्टी मुठीत आवळली होती.

"त्या छत्रीवाल्याचं लग्न झालंय का गं?" आईने एकदम विचारलं.

"आई! आत बाबा..."

"ते आत आहेत म्हणूनच विचारतेय. बाहेर आले की मला कधी बोलू देतात?" आईचे डोळे दाराला खिळले होते, आणि तिने लेकीचा हात धरला होता. "बोलत राहा गं. काहीही बोल."

दार उघडलं.

तो बाहेर आला. त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि तो चालत निघाला.

चालत. एक पाऊल, मग दुसरं. तिच्या कानांत गूं आवाज भरला. पाण्याखाली खोल गेल्यावर भरतो, तसा. आईची बोटं तिच्या बोटांत रुतली. तो सावकाश, पाय जपून टाकत चालत होता. आणखी एक पाऊल. आणखी एक...

आणि अर्धी वाट संपताच तो जे सुटला, ते बाण सुटावा तसा! हात वर, तोंडभर हसू, बुटांचा धाडधाड आवाज!

"काही नाही झालं! खूप उचकवलं, तरी नाही उचकलं! यंत्र नको! डॉक्टरबाई म्हणाल्या, जा, तूच सांग!"

"मग चालत का आलास?" ती जवळजवळ किंचाळली. गालांवरून पाणी वाहत होतं. "जीव गेला ना माझा!"

तो धापा टाकत मागे बोट दाखवू लागला. दारापासून अर्ध्या वाटेपर्यंत फरशी चमकत होती. कडेला पोछा हातात धरलेल्या मावशी उभ्या होत्या.

"ओली होती," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत. ओल्यावर पळायचं नाही."

तिने शिट्टी तोंडात धरली आणि इतक्या जोरात वाजवली, की बंद दाराआडून आवाज आला, "कोण पळतंय रे तिकडे?"

आई रडता रडता हसायला लागली. "झालं! आले यांचे ठोके जाग्यावर."

धोका संपला असं डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. "कमी आहे, शून्य नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, अधूनमधून रेघ काढायची. आधी कमरेएवढं पाणी, हळूहळू पुढे. आणि एकट्याने कधीच नाही. सोबत पोहता येणारं माणूस हवं." मास्तरांनी सगळ्या अटी एका दमात कबूल केल्या. आईशी इतकं पटकन त्यांचं कधी जमलं नव्हतं.

काही आठवड्यांनी एका लख्ख सकाळी मास्तर पायऱ्या उतरून पाण्यात शिरले, तेव्हा मुलांनी असा गलका केला, की कडेच्या झाडांवरचे पक्षी उडाले. मास्तरांनी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. जरा जास्तच वेळ चेहरा ओंजळीत ठेवला. मग ओरडले, "बघत काय बसलात? पाय मारा!"

तलावाच्या दुसऱ्या टोकाला छत्रीकाका तिच्या हातावर उताणा तरंगत होता. वर आभाळ, कानांत पाणी, पाठीखाली तिचा तळहात.

"आता हात काढते हं."

"शंभरातली किती शक्यता आहे बुडायची?"

"तू शंभर आहेस का? एकच आहेस. गप्प पडून राहा." तिचा आवाज मऊ झाला. "काढतेय... काढला."

पाठीखालचा हात गेला, आणि पाणी तसंच राहिलं. तो तरंगत होता! श्वास घेतला की जरा वर, सोडला की जरा खाली. मग त्याने पाय टेकले आणि तिच्यासमोर उभा राहिला. पापण्यांवर थेंब, ओठांवर काहीतरी अडलेलं.

"एक विचारू? हात सोडताना सांगायचं असतं ना?"

"हो. नियमच आहे."

"मग धरतानाही सांगायला हवं..." त्याने पाण्याखालून हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. "धरतोय हं."

ती हसली नाही. वेणीही पिळली नाही. "किती वेळ?"

"सोडायचा विचार नाहीये."

"आणि काठावर गेल्यावर?"

"काठावरही. घरीही. जिथे फरशी ओली असेल, तिथे तर नक्कीच."

तिने पाण्याखाली आपली बोटं त्याच्या बोटांत गुंतवली. तिच्या मनगटाची नाडी त्याच्या अंगठ्याखाली धावत होती. रेघा वाचणाऱ्या त्या माणसाने ती मोजली नाही. स्वतःचीही त्याच वेगाने धावत होती, हे त्याला यंत्राशिवाय कळत होतं.

तेवढ्यात पलीकडून मास्तरांची शिट्टी कडाडली.

"ए छत्रीवाल्या! धरायला काठ दिलाय तुला! माझी मुलगी कशाला धरतोस?"

मुलं खिदळायला लागली. बदकीने तर दोन्ही हातांनी पाणी उडवलं. तो दचकला, पण त्याने हात सोडला नाही. आणि ती, अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"असू दे, बाबा! सांगून धरलाय!"